पेन्शनीत निघालेला माणूस दप्तरात कुठे सापडतो?

मागच्या नोव्हेंबरात बाबांना घेऊन बँकेत गेले होते. त्यांचा पहिलाच हयातीचा दाखला. बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होते, त्यामुळे कागदपत्रं कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मशीनवर त्यांचा अंगठा काही उमटेना. तीनदा पुसून, तीनदा दाबून झालं. मागे सत्तरी-ऐंशीची मंडळी रांगेत उभी. चौथ्यांदा अंगठा लागला, आणि बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चौतीस वर्षं लोकांची बिलं तपासली. आता वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत एवढंच सांगायचं."

हे वाक्य मी त्याच रात्री डायरीत लिहून ठेवलं, कारण माझ्या पीएचडीची अडचण त्यात जशीच्या तशी होती. माझा विषय आहे पश्चिम भारतातले पेन्शनर, साधारण १८८० ते १९५०. विषय सांगितला की लोक हसतात, मग म्हणतात "छान आहे हो". गाईड हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "साधनं कुठायत?"

प्रश्न रास्त होता. सरकारी दप्तरात नोकरदार माणसाची इत्थंभूत माहिती मिळते: नेमणूक कधी, बदली कुठे, बढती का अडली, रजा किती. मग एक दिवस तो पेन्शनीत निघतो आणि कागद थांबतो. त्यानंतर त्याचं नाव येतं ते खजिन्याच्या वहीत, दरमहा एका रकमेसमोर, मरेपर्यंत. सरकारला तेव्हाही एवढंच जाणून घ्यायचं होतं की माणूस हयात आहे का. मधली वीस-तीस वर्षं तो सकाळी उठून काय करत होता, याची नोंद ठेवण्याचं कुणाला कारणच नव्हतं.

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांना इथे एक सावधगिरी सांगते, कारण मी स्वतः त्यात आपटले आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं की त्या काळी आयुर्मानच इतकं कमी होतं की निवृत्ती ही अवस्था जवळजवळ नव्हतीच. १९२१ च्या आसपास हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान तिशीच्याही आत होतं, हे खरं. पण सरासरी खाली ओढली जाते ती बालमृत्यूंनी. जो माणूस पन्नाशी गाठायचा, तो पुढे सत्तरीही गाठू शकायचा. सरकारी मुलकी नोकरीत ५५ व्या वर्षी निवृत्ती, म्हणजे हातात दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून खूप जास्त. पुण्याला 'पेन्शनरांचं गाव' उगाच म्हणत नव्हते. सरासरीचा आकडा एका माणसाच्या आयुष्याला लावू नका. आणि माझ्यासारखं तो सिनॉप्सिसमध्ये तर अजिबात लावू नका.

दुसरी गोष्ट शब्दाची. 'निवृत्ती' हा आपल्याकडे मुळात नोकरीचा शब्द नाही. तो प्रवृत्तीच्या विरुद्धचा, संसारातून मन काढून घेण्याचा शब्द. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचं नाव निवृत्ती आहे आणि त्यांना कुणी पेन्शन देत नव्हतं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये छापलेलं 'गीतारहस्य' तर याच वादावर उभं आहे, की गीता निवृत्ती सांगते की कर्मयोग. म्हणजे ज्या पिढीतले सुशिक्षित लोक ५५ व्या वर्षी कचेरीतून घरी येत होते, त्यांच्यासमोर हा प्रश्न नुसता वेळ कसा घालवायचा असा नव्हता. 'आता कर्म सोडायचं का' असा तो होता, आणि त्यांच्या पुस्तकाच्या कपाटात त्याचं जाडजूड उत्तर होतं.

या सगळ्यांतून मी एका माणसापाशी येऊन थांबले. गोविंद सखाराम सरदेसाई, रियासतकार. तुम्हाला ते 'मराठी रियासत'मुळे माहीत असतील. मला ते आधी पेन्शनर म्हणून भेटले.

साधं गणित करून बघा. जन्म १८६५, रत्नागिरी जिल्ह्यातला. १८८९ ला बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत. महाराजांना वाचून दाखवणं, राजपुत्रांना शिकवणं, परदेशच्या दौऱ्यांत सोबत जाणं. १९२५ ला निवृत्ती. मृत्यू १९५९. म्हणजे नोकरी ३६ वर्षं आणि पेन्शन ३४ वर्षं. आपण त्यांचं चरित्र वाचतो तेव्हा ही दुसरी ३४ वर्षं नोकरीनंतरची पुरवणी असल्यासारखी वाचतो. प्रत्यक्षात त्यांचं आयुष्य जवळजवळ मधोमध दुमडलेलं आहे.

निवृत्तीची सुरुवात मात्र वाईट झाली. महाराजांना सरदेसायांनी सोडून जाणं पसंत नव्हतं, ते नाराज झाले आणि पेन्शनला कात्री लागली. त्याच सुमारास थोरला मुलगा श्यामकांत, जो शांतिनिकेतनात शिकून पुढे जर्मनीला गेला होता, तिकडेच वारला. सरदेसायांनी पुढे त्याची पत्रं पुस्तकरूपाने छापली. साठीतला बाप मुलाची पत्रं लावतोय, तारखेनुसार, जशी आयुष्यभर इतरांची लावली तशी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोट्स काढायच्या थांबवल्या होत्या.

त्यांनी राहायला निवडलं कामशेत. पुणे-लोणावळा लोकलने गेलात तर मळवलीच्या पुढचं-मागचं स्टेशन, मावळातलं, इंद्रायणीच्या काठचं. तेव्हा अगदी लहान गाव. पुण्यात नाही, बडोद्यात नाही, कोकणातल्या मूळ गावीही नाही. मी आधी याचा अर्थ 'वानप्रस्थ' असा लावला होता. मग नकाशा बघितला. कामशेत पुणे-मुंबई रेल्वेवर आहे. पोस्ट येतं, गाडी थांबते, पाहुणा सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. संन्याशाला स्टेशनजवळचं गाव लागत नाही. (नकाशा आधी बघा, अर्थ नंतर लावा. हे मला कुणीतरी एम.ए.ला सांगायला हवं होतं.)

आणि पोस्ट हेच तर त्या घराचं घड्याळ होतं. जदुनाथ सरकारांशी त्यांचा पत्रव्यवहार १९०४ च्या सुमारास सुरू झालेला. एक बंगाली, एक मराठी, भाषा इंग्रजी. एकाकडे फार्सी साधनं, दुसऱ्याकडे मराठी आणि मोडी. जदुनाथ १९२६ ला शिक्षण खात्यातून निवृत्त झाले, मग दोन वर्षं कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे दोघंही वर्षभराच्या अंतराने नोकरीतून मोकळे झाले आणि त्यानंतर त्यांचं खरं काम सुरू झालं. जदुनाथांचा 'फॉल ऑफ द मुघल एम्पायर' १९३२ ते १९५० अशा चार खंडांत आला. सरदेसायांची 'पेशवे दफ्तरा'तली निवडक कागदपत्रं १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत. मग दोघांनी मिळून पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचं संपादन हाती घेतलं, त्याचे पहिले खंड १९३६ ला निघाले. सरदेसायांचा इंग्रजीतला तीन खंडांचा 'न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज' १९४६ ते १९४८ मधला. पहिला खंड आला तेव्हा लेखकाचं वय ८१ होतं.

जदुनाथांची पत्रं हरिराम गुप्तांनी संपादित करून छापली आहेत. ती वाचताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. त्यात मोठमोठे विचार फारसे नाहीत. ही तारीख जुळत नाही, तो नकाशा पाठवा, प्रुफं कुठवर आली, अमुक कागद पुन्हा बघा. कामाची पत्रं. माणूस निवृत्तीत का टिकतो याची उत्तरं आपण ध्येय, छंद, अध्यात्म असल्या शब्दांत शोधतो. मला इथे त्याहून साधं काहीतरी दिसतं: कामशेतच्या माणसाला माहीत होतं की दूर बंगालात कुणीतरी त्याच्या उत्तराची वाट बघतंय आणि उशीर झाला तर विचारणार आहे. नोकरी गेल्यावर पगार अर्धा होतो हे सगळ्यांना कळतं. पण 'काम झालं का?' असं विचारणारा माणूसही जातो. या दोघांनी तो एकमेकांना पुरवला, जदुनाथ १९५८ ला जाईपर्यंत. दुःखातही. जदुनाथांचाही थोरला मुलगा कलकत्त्याच्या दंगलींच्या दिवसांत मारला गेला. पत्रं थांबली नाहीत.

इथे थांबले असते तर हा लेख दिवाळी अंकात शोभला असता. पण आपण संशोधन शिकतोय, त्यामुळे पुढचं बघावंच लागेल.

पेशवे दफ्तर म्हणजे पुण्यातलं ते प्रचंड कागदपत्रांचं भांडार, तीस हजारांहून जास्त रुमाल, बहुतेक मोडीत. इंग्रज सरकारने ते बराच काळ खासगी अभ्यासकांना नीट खुलं केलं नव्हतं. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० ला स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातली पुण्याची मंडळी गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यावरून कागद गोळा करत होती आणि गावातलंच दफ्तर त्यांना बंद होतं. अशा वेळी सरकारने १९२९ ला दफ्तर तपासायला नेमलं ते सरदेसायांना. त्यामागे जदुनाथांचं सरकारदरबारी असलेलं वजन होतं. मंडळातले लोक दुखावले. त्यांचं दुखावणं मला अजिबात क्षुद्र वाटत नाही. पगार नाही, पेन्शन नाही, सरकारी ओळख नाही, अशा लोकांनी वीस वर्षं मोडी वाचत काढलेली होती.

म्हणून मी प्रपोजलमध्ये आता असं लिहिते की पेन्शनरचा मोकळा वेळ हा सगळ्यांना सारखा मिळालेला वेळ नव्हता. त्याला किंमत होती आणि दारंही होती. नोकरीत कमावलेली विश्वासार्हता निवृत्तीनंतर दार उघडायच्या कामी येत होती. आणखी मागे गेलात तर लोकहितवादींचं उदाहरण आहे. गोपाळ हरी देशमुख १८७९ ला न्यायखात्यातून निवृत्त झाले, लगेच १८८० ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणि पुढे रतलाम संस्थानचे दिवाण. इंग्रजी राज्यातला पेन्शनर संस्थानात मोठ्या जागेवर जाणं ही तेव्हाची ओळखीची वाट होती. सरदेसाई उलट चालले: संस्थानातून निवृत्त, आणि इंग्रज सरकारच्या दफ्तरात. ही उलटी वाट आणखी किती जण चालले, ते शोधणं हे माझं तिसरं प्रकरण आहे.

शिवाय त्या ४५ खंडांत काय आहे तेही बघा. बहुतांश राजकारण, मोहिमा, पत्रव्यवहार. गावचा वसूल, वतनांचे तंटे, बाजारभाव, बायकांची फिर्याद, हे सगळं रुमालांत भरपूर होतं. छापलं गेलं त्या मानाने फार थोडं. पुढे वि. त्र्यं. गुण्यांसारख्या अभ्यासकांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर काम केलं तेव्हा मूळ कागदांकडेच जावं लागलं. पंचवीस-तीस वर्षं राजवाड्यात राज्यकर्त्याजवळ बसलेल्या माणसाला कागदाच्या ढिगात राज्यकर्ते आधी दिसले, यात नवल नाही. मी त्यांना दोष देत नाहीये. पण तुम्ही 'पेशवे दफ्तर, खंड अमुक' अशी तळटीप टाकता तेव्हा साठी ओलांडलेल्या एका निवृत्त राजशिक्षकाच्या निवडीवर विसंबता, एवढं ध्यानात असू द्या.

मग कामशेतच्या घरातल्या इतर दिवसांचं काय? जदुनाथ यायचे, राहायचे, इतर अभ्यासक यायचे. मावळातला पाऊस, पाहुणे, चहा, जेवणं, अंथरुणं. रियासतकार पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांच्या पत्नीच्या कामात काय फरक पडला? पडलाच असेल तर वाढ झाली असणार, हे समजायला दफ्तर लागत नाही, आमच्या आईला विचारलं तरी पुरे. निवृत्ती ही पगारी पुरुषाची गोष्ट. शेतकरी, शिंपी, घरकाम करणारी बाई यांना पेन्शनीत निघायची तारीखच नव्हती. हात चालेनासे झाले की काम सुटायचं. त्यामुळे 'निवृत्त लोक दिवस कसे घालवत' हा प्रश्न विचारताना आपण समाजाच्या एका पातळ थराबद्दल बोलतोय. सरदेसाई तर त्या थरातलेही अपवाद. जे पेन्शनर ओट्यावर बसले, देवळात गेले, नातवंडांना पाढे शिकवले आणि काहीच छापलं नाही, त्यांची संख्या कितीतरी मोठी असणार. अपवादाचा उपयोग एवढाच, की त्याच्या कागदांत नेहमीच्या गोष्टी चुकून नोंदल्या जातात. सरदेसायांनी ९१ व्या वर्षी, १९५६ ला आत्मचरित्र छापलं, त्याला नाव दिलं 'माझी संसारयात्रा'. इतका इतिहास लिहिलेल्या माणसाने शीर्षकात संसार ठेवला. मी ते आता दुसऱ्यांदा वाचतेय, या वेळी इतिहासाचा भाग सोडून.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते निवृत्तीनंतर पहिले काही महिने सकाळी साडेनऊला तयार होऊन बसायचे, शर्टाच्या खिशात पेन लावून. मला वाटलं होतं की कामशेतची गोष्ट त्यांना उभारी देईल, आणि खरं सांगायचं तर मी ती थोडी त्याच हेतूने सांगितली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. जदुनाथ, ४५ खंड, ८१ वं वर्ष, सगळं. मग म्हणाले, "पेन्शन कापली म्हणजे कोणत्या नियमाने कापली?"

मी म्हटलं, महाराज नाराज होते.

"नाराजी हे कारण झालं. नियम कोणता?"

मग त्यांनीच मला शिकवलं. १७ डिसेंबर १९८२, नकारा खटला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाचा निकाल, की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा हक्क आहे. म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन असतो. लेखा विभागातल्या माणसाला हे पाठ असतं. मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षीही माहीत नव्हतं, कारण माझा कालखंड १९५० ला संपतो. त्यांचं म्हणणं असं, की १९२५ ला ती मेहेरबानी होती की हक्क, हे आधी ठरवायला हवं. तोवर सरदेसायांनी कामशेतला जे केलं ते किती मोकळेपणाने केलं आणि किती नाइलाजाने, हे तुला सांगता येणार नाही. पेन्शन पुरी मिळाली असती तर त्यांनी सरकारचं दफ्तर तपासायचं काम घेतलं असतं का?

दोन वर्षांत हा प्रश्न ना मला सुचला, ना सिनॉप्सिस तपासणाऱ्या समितीला.

पुढच्या महिन्यात बडोद्याला जातेय, संस्थानच्या नोकरीचे आणि पेन्शनचे नियम बघायला. बाबा सोबत येतायत. त्यांचं म्हणणं, जुन्या खतावण्या वाचायला सवय लागते, आणि बेरीज मी चुकवीन.